साडेपाच वर्षांचा डिशवॉशर: १९ हजार घालून दुरुस्त करायचा, की नवाच आणायचा?

तिखटमीठ

मावशींना सोसायटीच्या फाटकातून आत सोडत नव्हते, त्या २०२० च्या दिवसांत आम्ही डिशवॉशर घेतला. तेव्हा सगळ्यांनाच एकदम तो हवा झाला होता. पैसे भरून सात आठवडे वाट पाहिली. १३ प्लेस सेटिंगचा, म्हणजे तेरा जणांची ताटं-वाट्या मावतील असा, ३६ हजारांना पडला. तेव्हापासून रोज रात्री एक फेरी, सणावाराला दोन.

गेल्या महिन्यात भांडी गार निघायला लागली. फेरी पूर्ण व्हायची, पण दार उघडल्यावर वाफेचा झोत नाही आणि आमटीच्या वाट्यांना तेलकट हात लागायचा. मग एके रात्री एरर दाखवून मध्येच बंद पडला.

कंपनीचा माणूस आला. भेटीचे ६०० घेतले, दहा मिनिटं थांबला, एकही स्क्रू काढला नाही. म्हणाला, "मॅडम, कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलंय. हीटरपण गेला असणार. तो मोटरला जोडूनच येतो, सुटा मिळत नाही." कार्ड ११,२००, हीटरवाली मोटर ६,४००, मजुरी १,४००. एकूण १९,०००. बसवलेल्या पार्टला ९० दिवसांची हमी. तसाच नवीन आज ४१ हजारांना आहे, जुना दिला तर अडीच हजार कमी.

नवरा म्हणतो नवा घेऊ, डोक्याला ताप नको. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत मावशी वर्षभर भांडी घासतील. मला मात्र आतली स्टीलची टाकी नव्यासारखी चकचकीत दिसते आणि एका कार्डापायी अख्खं यंत्र भंगारात घालायला हात धजत नाही. तुम्ही काय कराल?

सरळसोट

नवीन घ्या. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याला टेकला की दुरुस्ती करायची नाही, हा आमच्या घरचा नियम. तुमचे ३८,५०० वि. १९,०००. टेकलाच. शिवाय साडेपाच वर्षं रोज चाललंय ते. आज कार्ड, उद्या पाणी फेकणारा पंप, परवा दाराचं रबर. ९० दिवसांच्या हमीवर १९ हजार म्हणजे जुगार आहे.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. घ्यायचाच तर आता वाईट वेळ नाही.

वर्कशॉपवाला

थांबा हो, एवढ्यात पाकीट उघडू नका. एकही स्क्रू न काढता कार्ड "गेलं" हे त्याला कळलं कसं? आणि हीटर "गेला असणार" म्हणजे? हे निदान नाही, अंदाजपंचे दाहोदरसे आहे.

मी वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरची कार्डं दुरुस्त करतो. गार पाण्याची तक्रार आली की पहिली शंका हीटरवर आणि कार्डावरच्या त्याच्या रिलेवर (हीटरची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). हीटर दोन हजार वॅटच्या आसपासचा असतो, म्हणजे आठ-नऊ अँपिअर करंट त्या एवढ्याशा रिलेतून रोज जातो. वर्षानुवर्षं तापून-निवून तिथला डाग (सोल्डरचा सांधा) सुटतो, भोवती काळं पडतं. कार्डावरचं बाकी सगळं ठणठणीत. रिले शंभर रुपयांच्या आत मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा.

हीटर तपासायला मल्टिमीटर पुरतो. प्लग काढून, हीटरच्या वायरी सोडवून दोन टोकांत रोध मोजायचा. दोन हजार वॅटला साधारण २६-२७ ओहम यायला हवा. मग एक टोक आणि यंत्राचा पत्रा यांच्यात मोजायचं, तिथे काहीच यायला नको. दोन्ही बरोबर असेल तर ६,४०० ची मोटर घ्यायचं कारणच उरत नाही.

आणि एक. झुरळं. हसू नका. दारातली कार्डाची जागा उबदार, अंधारी असते, त्यांना माहेरच. कार्डावरच्या तांब्याच्या रेषांवर, म्हणजे ट्रॅकवर, मेलेल्या झुरळाने शॉर्ट केलेली कार्डं मी महिन्याला दोन-तीन बघतो.

सरळसोट

तुम्हाला येतं हो ते सगळं. ताईंना ओट्याखालून ४५-५० किलोचं यंत्र ओढून, पाण्याचे पाइप सोडवून, दार उकलून देणारा माणूस कुठून मिळणार? आणि मिळालाच तर त्याच्यासाठी दोन दिवस रजा कोण टाकणार? रिलेची किंमत शंभर रुपये, हे "वडापावातल्या बटाट्याची किंमत दोन रुपये" म्हणण्यासारखं आहे.

वर्कशॉपवाला

कार्ड काढायला बहुतेक मॉडेलांत यंत्र ओढावंच लागत नाही, ते दारात किंवा खालच्या पट्टीमागे असतं. बाकी रजेचं म्हणाल तर नव्या यंत्राच्या डिलिव्हरीलाही रजा लागते, आणि ते बसवायला येतात ते वेगळ्या दिवशी. ;)

दुधानेपोळलेली

वर्कशॉपवाल्यांचं वाचून कुणी हुरळून जाऊ नये म्हणून माझी कथा.

आमचंही असंच झालं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने रिले बदलून दिला, १,५०० रुपये. आम्ही खूश, पेढे वाटायचेच बाकी. पाचव्या दिवशी घरातलं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) पडलं आणि कार्डातून जळका वास. झालं होतं असं की हीटरच अर्थ होत होता, म्हणजे त्यातली वीज पत्र्यात उतरत होती, त्यानेच पहिला रिले खाल्ला होता. नव्या रिलेबरोबर या वेळी कार्डाचे ट्रॅकही गेले. मग कंपनीचं कार्ड आणि मोटर, १७ हजार. वर्ष झालं नाही तोवर खालच्या ट्रेमध्ये पाणी साठायला लागलं, तळाच्या प्लास्टिकच्या भांड्याला चीर. तेव्हा गपचूप नवीन आणला.

एकूण हिशोब: १८,५०० पाण्यात, आणि वर नवीन यंत्र. पहिल्याच दिवशी घेतला असता तर?

वर्कशॉपवाला

तुमच्या माणसाने हीटर न मोजता रिले बदलला. चूक त्याची. मी वर क्रम लिहिलाय तो उगाच नाही: आधी हीटर, मग कार्ड. हीटर पत्र्याला लागत असेल तर मीही म्हणेन की कार्ड-मोटर दोन्ही, आणि मग १९ हजार खरोखर विचार करण्यासारखे आहेत. तळातून गळती किंवा टाकीला आतून गंज असेल तर मात्र एक रुपया घालू नका. पण ताईंचं टाकीबद्दलचं निरीक्षण बघा, ती चकचकीत आहे.

नेकारकाठी

आमच्याकडे जर्मनीत काय आहे ते सांगतो. युरोपीय संघाच्या नियमाने मार्च २०२१ पासून डिशवॉशरचे पार्ट ठरावीक वर्षं मिळत राहायलाच हवेत. मॉडेल बाजारातून गेल्यावर पंप, हीटर, कार्ड वगैरे ७ वर्षं, दाराचे रबर, फवाऱ्याचे हात, जाळ्या, रॅक १० वर्षं. आणि मागितल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत.

ऐकायला छान, पण तंत्रज्ञाने दारात पाय ठेवला की शंभराच्या आसपास युरो, मग पुढे काम. म्हणून पार्ट मिळत असूनही माझ्या इमारतीत दर दोन महिन्यांनी कुणाचं तरी यंत्र खाली ठेवलेलं दिसतं. मी स्वतः पाणी फेकणारा पंप बदलला, व्हिडिओ बघून, एका रविवारात. आत लिंबाची बी अडकली होती. पंप मुळात बिघडलाच नव्हता हे नवा बसवल्यावर कळलं, ते सोडा.

भारतात उलटं आहे. हात स्वस्त, पार्ट महाग. तिथे अख्खं कार्ड बदलण्यापेक्षा कार्डावरचा एक भाग बदलणारा माणूस शोधणं हेच शहाणपणाचं. आमच्याकडे तसा माणूस शोधूनही सापडत नाही.

सरळसोट

नियम तिकडे, यंत्र इकडे. आपल्याकडे काय आहे?

नेकारकाठी

ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय. घरगुती उपकरणं त्यात आहेत, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. युरोपासारखी पार्ट ठेवण्याची सक्ती त्यातून येत नाही.

आडातलंपोहऱ्यात

सगळे दुरुस्ती की नवीन यावर भांडताय, पण पाणी कुठलं आहे हे कुणी विचारलंच नाही. ताई, टँकर आहे का? आणि यंत्रावरचा मीठ संपल्याचा दिवा पेटलेला आहे का?

तिखटमीठ

दोन्हीला हो. :( महापालिकेचं पुरत नाही, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. मिठाचा दिवा... तो पहिल्यापासून दिसतो आहे म्हणून आता दिसतच नाही. मध्यंतरी संपलं होतं तेव्हा घरातलं मीठ घातलं होतं एकदा. दोनदा.

आडातलंपोहऱ्यात

घ्या! डिशवॉशरच्या पोटात पाणी मऊ करणारी एक कुपी असते. तिच्यातले रेझिनचे मणी पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की ते जाडं मीठ त्यांना धुऊन पुन्हा तयार करतं. मीठ नाही, तर मणी नुसते शोभेला. मग क्षार बसतात ग्लासवर, फवाऱ्याच्या भोकांत आणि सगळ्यात जाड थर हीटरवर. थर चढलेला हीटर आतल्या आत जास्त तापतो. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, ती त्या कुपीला चालत नाही.

टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळेच विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो. थेंब टाकून रंग बघायची किट मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा, दुसरी सोयच नसेल तर ६००. बोअरचं पाणी ६०० च्या घरात असेल तर यंत्राच्या भाषेत ते साधारण ३४ जर्मन अंश. तुमची जडपणाची सेटिंग कारखान्यातून आली तशीच असेल, पैज लावतो.

तेव्हा नवीन घेतलात तरी याच पाण्यावर, याच मिठावर तो चालणार. पाच वर्षांनी हाच धागा पुन्हा काढाल.

सरळसोट

मान्य. पण हा नव्याच्या विरोधातला मुद्दा नाही, जुन्याच्याच विरोधातला आहे. पाच वर्षं क्षार खाल्लेलं यंत्र आहे हे. हीटर आज वाचला तरी किती दिवस?

मोगरा_७७

कुणी सासूबाईंच्या बाजूने बोलणार की नाही? तवा, कढई, कुकर आम्ही तसेही हाताने घासतो. अॅल्युमिनियम त्यात काळं पडतं, तांब्या-पितळेचं नाव काढायला नको. मग उरतात ताटं-वाट्या. त्यासाठी ४० हजार?

दुधानेपोळलेली

मोगराताई, मावशी गावाला गेल्या की तुमच्याकडे ताटं-वाट्या कोण घासतं ते आधी सांगा. :D

मोगरा_७७

मीच. म्हणून तर जोर आहे माझ्या बोलण्यात.

सरळसोट

वीजही बघा. नवीन यंत्रं कमी खातात.

वर्कशॉपवाला

किती कमी? एका फेरीला एक युनिटच्या आसपास लागतं. नव्याने त्यातलं पाव युनिट वाचवलं असं धरू. वर्षाला ३०० फेऱ्या, ७५ युनिट. दहा रुपयांनी साडेसातशे रुपये. ३८,५०० वसूल व्हायला पन्नास वर्षं लागतील, तोवर मीही नसेन आणि वीजही फुकट असेल.

बाकी ते अडीच हजार देऊन जुना कुठे नेतात हे कधी विचारलंत? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत डिशवॉशरही येतो, जबाबदारी उत्पादकाची. दुकानदार कुणाला देतो ते पावती मागून बघा एकदा.

तिखटमीठ

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

नवऱ्याला पंधरा दिवसांची मुदत मागितली. तेवढ्यात जमलं नाही तर नवीन, असं ठरलं. आमच्या मिक्सरवाल्याच्या ओळखीने एक काका मिळाले. त्यांना वर्कशॉपवाल्यांचा क्रम वाचून दाखवला तर जरा रागावलेच, "मला माहितीये, मी पण हेच करतो." हीटर २७ ओहम. पत्र्याकडे काही नाही. मग दारातलं कार्ड काढलं. रिलेपाशी करपलेलं होतं आणि कोपऱ्यात झुरळाची अंडी. (हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.) कार्ड घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी आणून बसवलं. १,८०० रुपये.

आज अकरावा दिवस. वाफ येते, वाट्या कोरड्या. रिकाम्या यंत्रात सायट्रिक अॅसिड घालून एक फेरी चालवली, तळाशी खडूसारखं पांढरं पाणी. जडपणा किटने ४८० निघाला, सेटिंग खरोखरच कारखान्याची होती. पैज जिंकलात. जाडं मीठ आणलंय, दिवा विझला, स्वयंपाकघर ओळखू येत नाही.

पण काकांनी जाताना खाली टॉर्च मारला आणि म्हणाले, मोटरच्या सीलला ओल दिसते. आज नाही, पण गळेल. किती दिवसांत, ते नाही सांगितलं. मी ठरवलंय की यापुढे या यंत्रावर पाच हजारांपेक्षा जास्त घालायचे नाहीत. नवऱ्याने ते वाक्य लिहून फ्रिजवर लावलंय.

सरळसोट

म्हणजे नवीनच घेणार, फक्त दिवाळीत. मी बरोबर होतो.

वर्कशॉपवाला

सील सुटं मिळालं तर दिवाळीही टळेल. खालच्या ट्रेमध्ये एक जुना फडका ठेवा आणि दर रविवारी बघा. ओला दिसला की कळवा.

दुधानेपोळलेली

ताई, टाकायची वेळ आलीच तर वरचा रॅक मला द्याल का? नव्याच्या रॅकचे दात दोन वर्षांतच गंजलेत आणि कंपनी ७,००० मागतेय. मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.