फ्रोझन फूड वितळवल्यावर उरलेलं पाणी ओतून द्यायचं की टँकमधे घालायचं? (आणि मुळात कुठलं फ्रोझन घ्यायचं)

खारट_डोकं

समुद्री टँक (खाऱ्या पाण्यातले मासे, कोरल) ठेवणारा कुणीही भेटला की पहिला सल्ला ठरलेला असतो, फ्रोझन फूडचा क्यूब वितळवा, बारीक जाळीच्या चाळणीत घ्या, आरओ पाण्याखाली खळखळून धुवा, खालचं गढूळ पाणी फेका, नाहीतर फॉस्फेट वाढेल आणि दगडांवर शेवाळाची गादी येईल. माझं मत, हा सगळा प्रकार म्हणजे मनाचं समाधान. धुतल्याने नुकसान नाही, पण जो फायदा सांगितला जातो तो हिशेबात बसत नाही.

हिशेब असा. मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव) एक क्यूब साधारण ३ ग्रॅमचा धरा. त्यात बहुतांश पाणीच असतं, कोरडा माल म्हणाल तर जेमतेम ०.३५ ग्रॅम. कोरड्या मालात फॉस्फरस १ टक्का धरला तर साडेतीन मिलिग्रॅम, आणि फॉस्फेटमधे मोजायचं तर त्याच्या तिप्पट, म्हणजे १०-११ मिलिग्रॅम. टँक ३०० लिटरचा असेल तर अख्ख्या क्यूबमुळे वाढ होते ०.०३५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). आता यातलं वितळलेल्या पाण्यात किती येणार? बराचसा फॉस्फरस त्या जिवाच्या अंगात आणि कवचात असतो. दहावा भाग सुटला म्हणा. म्हणजे ०.००३५ पीपीएम, जे आपल्या घरच्या टेस्ट किटला दिसणारसुद्धा नाही. आणि उरलेले नऊ भाग मासे खातात आणि त्यातलं बरंचसं पाण्यातच सोडतात. वाढ थांबलेला मोठा मासा फॉस्फरस साठवून ठेवून करणार काय?

मग चाळणीत एवढा वेळ घालवण्यापेक्षा कुठलं फूड घेतो आणि ते कसं साठवतो इकडे लक्ष दिलं तर जास्त बरं नाही का?

स्कीमरचा_कप

असहमत. हिशेब छान मांडलाय पण तुमची सगळी इमारत त्या 'दहाव्या भागा'वर उभी आहे आणि तो आकडा तुम्ही हवेतून आणलाय. अख्खं, धड मायसिस असेल तर कदाचित कमी सुटेल. पण स्वस्तातल्या ब्राइन श्रिंपचा (आर्टेमिया, खारट तळ्यांतले बारीक जीव) क्यूब बघा, वितळल्यावर अर्धे जीव फुटलेले, नुसता लगदा. हळू गोठवलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात आणि आतला सगळा रस बाहेर येतो. सायक्लोप्स नि रोटिफर या त्याहून बारीक जिवांमधे तर चाळणीतून काय जातंय आणि काय राहतंय हेच कळत नाही.

दुसरं, तुम्ही एकाच क्यूबचा हिशेब केलात. रोज ०.००३५ म्हणजे महिन्याला ०.१ पीपीएम. रीफवाले (कोरल ठेवणारे) ०.०३ ते ०.१ च्या आत राहायला धडपडतात, आणि ज्यांच्याकडे माशांची गर्दी आहे ते दिवसाला एक क्यूब घालून थांबत नाहीत.

खारट_डोकं

@स्कीमरचा_कप मग तोच महिन्याचा हिशेब उरलेल्या नऊ भागांनाही लावा की. ते होतात साधारण १ पीपीएम. तुमचा स्कीमर (फेसातून घाण काढणारा), रिफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा), जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे), पाणी बदलणं हे सगळं मिळून तो १ पीपीएम बाहेर काढत असेल तर वरचा ०.१ पण काढेल, आणि काढत नसेल तर धुऊन तुम्ही वाचणार नाही. फॉस्फेट कमी करायचा असेल तर एक क्यूब कमी घाला, दहा क्यूब धुतल्याइतका परिणाम एका फटक्यात.

पॉलिप_पसरलेला

मी तर मुद्दाम ते पाणी घालते. मासे नुसते दिसण्यावर नाही, वासावरही येतात. ग्लायसीन, बीटेन असली जी विरघळणारी द्रव्यं आहेत तीच भूक चाळवतात आणि तीच तुम्ही चाळणीतून मोरीत सोडताय. नवीन आणलेला कॉपरबँड बटरफ्लाय काही केल्या तोंड लावत नाही म्हणून रडणारे बरेच जण पाहिलेत, आणि विचारलं की कळतं मायसिस इतकं धुतात की त्याला चव म्हणून काही उरतच नाही! शिवाय कोरल पाण्यातली अमिनो आम्लं थेट शोषून घेतात. रस टाकला की पॉलिप (कोरलचे छोटे छोटे जीव) बाहेर येतात हे कुणीही आपल्या टँकमधे बघू शकतं.

आणि एक, नायट्रेट फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणायच्या नादात डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशी जिवांचा तपकिरी चिकट थर ओढवून घेणारे कमी नाहीत. तो एकदा आला की साधं शेवाळ बरं म्हणायची वेळ येते.

स्कीमरचा_कप

@पॉलिप_पसरलेला ताई, तुमचा टँक कोरलचा आहे, मासे मोजके, तुम्हाला परवडतं. ज्याच्याकडे ट्रिगर, पफर, मोठे एंजल, नुसते खादाड आहेत त्याच्याकडे फॉस्फेट कमी पडायची भीती नसते. सगळ्यांना एकच सल्ला कसा चालेल? आणि त्या पाण्यात फक्त फॉस्फेट नाही, बारीक कण आणि प्रोटीनसुद्धा असतं. ते कुजतं, अमोनिया होतो, बॅक्टेरिया वाढतात. लहान किंवा नवीन टँकमधे हे भोवतं.

लायनफिशचा_नोकर

धुण्याबद्दल एवढं रण माजलंय पण फॉस्फेटची खरी भीती जिथे आहे, त्यावर कुणी बोललेलं नाही. माणसांच्या खाण्याची फ्रोझन सोललेली कोळंबी बरेच जण कापून माशांना घालतात. त्यात पाणी धरून ठेवायला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट वापरलेलं असू शकतं, म्हणजे वरून घातलेलं फॉस्फेटच, आणि काळी पडू नये म्हणून सल्फाइट. पाकिटामागचे घटक वाचा. नुसतं 'कोळंबी' लिहिलं असेल तर घ्या, 'कोळंबी, पाणी, मीठ, फॉस्फेट' असं काही असेल तर ठेवून द्या. ते घेऊन मग तासभर धूत बसण्यात अर्थ नाही, थोडं तरी आत मुरलेलं असतंच.

दुसरं म्हणजे थायमिनेज. काही माशांत आणि शिंपल्यांत हे एन्झाइम असतं, ते बी१ जीवनसत्त्व मोडतं आणि गोठवल्याने मरत नाही, शिजवल्यावर जातं. लायनफिश, ईल यांना महिनोन्महिने एकाच जातीचे छोटे फ्रोझन मासे घातले की पोट भरतं पण आतून बी१ संपत जातं, मग मासा तिरपा पोहतो, झटके येतात, आणि मालक पाण्याच्या टेस्ट करत बसतो. उपाय सोपा, एकाच गोष्टीवर ठेवू नका. स्क्विड, कोळंबी, माशाचं मांस, क्रिल असं फिरवत राहा, वरून व्हिटॅमिन भिजवा.

खारट_डोकं

@लायनफिशचा_नोकर हे पटलं, ट्रायपॉलिफॉस्फेटचा मुद्दा माझ्या हिशेबात बसत नाही कारण ते फूडचं स्वतःचं नसून वरून घातलेलं असतं. तेवढ्यापुरती फॉस्फेटची भीती मान्य. पण मग प्रश्न फूड निवडण्याचाच झाला ना, जे मी सुरुवातीपासून म्हणतोय.

ब्राइनद्वेष्टा

निवडीचा विषय निघालाच आहे तर, फ्रोझन ब्राइन श्रिंप विकत घेणं म्हणजे पाणी विकत घेणं. मोठ्या झालेल्या आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतं, आणि समुद्री माशांना डीएचए, ईपीए (ओमेगा-३ चरबी) आयतं अन्नातून मिळावं लागतं, गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांसारखं ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाहीत. मासा आनंदाने खातोय म्हणून तुम्ही खूश आणि काही महिन्यांनी डोक्यामागून पाठ खचलेली. मायसिस घ्या, विषय संपला.

आळशी_अँथियस

@ब्राइनद्वेष्टा विषय कसला संपला. नवीन मासा, प्रवासातून आलेला, काहीही खात नाहीये, त्याला पहिल्या दिवशी ब्राइन खायला घालून जिवंत ठेवणं आणि मग हळूहळू त्यात मायसिस मिसळत नेणं हे काम ब्राइनइतकं कुणी करत नाही. बारीक तोंडाच्या माशाला मोठं मायसिस गिळताच येत नाही, तो तोंडात घेतो आणि थुंकतो. आणि स्पिरुलिना किंवा तेल खायला घालून मग गोठवलेलं ब्राइन मिळतं त्याची गोष्ट वेगळी. रोजचं जेवण म्हणून नको, हे मान्य.

जाता जाता, 'समुद्री माशांना समुद्री अन्नच' म्हणणाऱ्यांसाठी: ज्या मोठ्या चरबीदार मायसिसचं सगळे कौतुक करतात त्यातलं काही कॅनडातल्या ओकानागन सरोवरातलं असतं, म्हणजे चक्क गोड्या पाण्यातलं. तिथे ते १९६६ साली माशांना खाद्य व्हावं म्हणून मुद्दाम सोडलं होतं, ते इतकं वाढलं की माशांच्याच ताटातलं पळवायला लागलं, आता काढून विकतात. थंड पाण्यातलं असल्याने त्यात चांगली चरबी असते. तेव्हा गोडं की खारं बघण्यापेक्षा आत काय आहे ते बघा. ब्लडवर्म मात्र रोज नको, ती किड्याची अळी आहे, समुद्रातला मासा आयुष्यात कधी तिच्या वाटेला जात नाही. आणि हाताळताना जपून, काही लोकांना तिची जबर अ‍ॅलर्जी होते.

नवा_टँकवाला

मोठ्या लोकांच्या भांडणात छोटा प्रश्न, मुळात वितळवायचं तरी का? मी क्यूब थेट टँकमधे टाकतो, दोन मिनिटांत सुटतो. कुणी म्हणतं गार अन्नाने माशाचं पोट बिघडतं, कुणी म्हणतं टँकचं तापमान पडतं.

खारट_डोकं

@नवा_टँकवाला तापमानाचं विसरा. ३ ग्रॅमचा क्यूब उणे १८ वरून २५ अंशापर्यंत यायला साधारण १.४ किलोज्यूल घेतो. ३०० लिटर पाण्यात हे एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं, हीटरला पत्ताही लागणार नाही. पोट बिघडतं याला मी तरी धड पुरावा पाहिलेला नाही.

लायनफिशचा_नोकर

तापमानाचं खरंय पण थेट टाकू नका, कारण वेगळं आहे. क्यूब तरंगतो, ओव्हरफ्लोकडे (पाणी फिल्टरकडे उतरतं तिथे) जातो आणि तुमचं अर्धं फूड फिल्टर सॉकमधे. उरलेल्यावर सगळ्यात दांडगा मासा ताबा घेतो, तोडून तोडून खातो आणि लाजाळू मासे लांबून बघत बसतात. वितळलेलं असलं की पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) बंद करून, पिपेटने हवं तिथे, हव्या त्या माशासमोर सोडता येतं. सीहॉर्स असेल तर दुसरा पर्यायच नाही, त्याला जठर नसतं, थोडं थोडं सारखं खायला लागतं आणि पळत्या अन्नामागे तो जात नाही. मोठे ट्रिगर, ग्रुपर तर अख्खा गोठलेला तुकडा गिळतात, तो आत जाऊन वितळणार, हे मला तरी बघवत नाही, पुरावा असो नसो.

स्कीमरचा_कप

वितळवायची पद्धत तरी सगळ्यांनी नीट पाळा, इथे निदान भांडण नको. कपात टँकचं पाणी घ्यायचं, क्यूब टाकायचा, १०-१५ मिनिटं. किंवा आदल्या रात्री झाकण लावून फ्रिजमधे खालच्या कप्प्यात. गरम पाणी नाही, मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, कडा शिजतात आणि मधे बर्फ तसाच. आणि सकाळी काढून ओट्यावर ठेवलं, संध्याकाळी घातलं हा प्रकार बंद करा. गोठवल्याने बॅक्टेरिया मरत नाहीत सगळे, झोपतात. उबेत आले की परत कामाला लागतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं फूड असेल तरी पाकीट फोडून वितळवलं की खोलीतले बॅक्टेरिया त्याला आहेतच. उरलेलं परत गोठवू नका.

आळशी_अँथियस

भांडण नको म्हणता पण टँकचंच पाणी का? मी आरओमधे वितळवतो, काही फरक नाही. उलट तुम्ही तेच पाणी नंतर फेकता म्हणजे रोज कपभर खारं पाणी फुकट.

स्कीमरचा_कप

गोड्या पाण्यात ठेवलं की पेशी पाणी शोषून फुगतात, फुटतात, अजून रस सुटतो. पाच मिनिटांत काही होत नाही, पण लोक ठेवून विसरतात.

पॉलिप_पसरलेला

रस सुटला तर माझ्या कोरलची चैन :) कुणी लसूण भिजवतं का त्यात? मी अधूनमधून दोन थेंब घालते, मासे तुटून पडतात.

ब्राइनद्वेष्टा

भूक वाढायला घाला हवं तर, पण लसणाने पांढरे ठिपके जातात हे कृपा करून इथे कुणी लिहू नका. त्या रोगाचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन लसणाला भीक घालत नाही.

साठवण्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही म्हणून सांगतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधून मधून आतून गरम होतो, त्यामुळे दाराच्या कप्प्यातलं फूड दर वेळी थोडं सैल होऊन परत गोठतं. पाकीट घेताना क्यूब खाचेत ताठ बसलेत का बघा, एका बाजूला वाहून कललेले असतील, वर मोकळा बर्फ असेल, मायसिस पिवळट तपकिरी झालं असेल तर ते वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलंय. तेलं खवट झाली की कितीही महागाचं असो, डीएचए गेलं. छोटी पाकिटं घ्या, आत मागच्या बाजूला ठेवा. हे न करता धुवायचं का यावर पानं भरणं म्हणजे आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी.

खारट_डोकं

@ब्राइनद्वेष्टा अगदी हेच!

@स्कीमरचा_कप, आपल्या वादाचा निकाल लावता येईल. एक क्यूब १०० मिलि आरओ पाण्यात वितळवायचा, गाळायचा, गाळलेल्या पाण्याचा फॉस्फेट मोजायचा. १० मिलिग्रॅममधलं १ सुटलं असेल तर १० पीपीएम यायला हवं, किट तेवढं मोजत नसेल तर पातळ करून मोजू. मायसिस, ब्राइन आणि सायक्लोप्स, तिन्हींचं. मी करतो, तुम्हीही तुमच्या फूडवर करा.

स्कीमरचा_कप

करू की. पण आधीच सांगतो, आपली किट फक्त ऑर्थोफॉस्फेट (पाण्यात सुटा असलेला फॉस्फेट) मोजतात. प्रोटीनमधे, डीएनएमधे अडकलेला फॉस्फरस त्यांना दिसत नाही, तो टँकमधे कुजल्यावर बाहेर येतो. म्हणजे तुमचा आकडा कमीच येणार आणि तुम्ही इथे येऊन जिंकलो म्हणणार. गाळलेलं पाणी झाकून काही दिवस तसंच ठेवा, कुजू द्या, मग परत मोजा. वास येईल, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

खारट_डोकं

चालेल, दोन्ही आकडे टाकतो. आणि आरओ म्हटलं की तुम्ही पेशी फुटल्याचं म्हणणार, म्हणून एक क्यूब ताज्या बनवलेल्या खाऱ्या पाण्यात पण करतो, त्या पाण्याचा फॉस्फेट आधी वेगळा मोजून.