‘वीज गेली की सरकारी लसीचं पाणी होतं’ म्हणणाऱ्यांसाठी

रानवारा:
काल इथे एकाने ठोकून दिलं: ‘गावात आठ-आठ तास वीज नसते, पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) लसीचं पाणी झालेलं असतं, बाळाला खासगीत टोचा.’ वाचून डोकं फिरलं. अहो, पीएचसीत आयएलआर असतो, म्हणजे आत बर्फाचं अस्तर असलेला लसीचा फ्रीज. चोवीसपैकी आठ तास वीज मिळाली तरी त्याचं बर्फाचं अस्तर टिकतं, आणि झाकण उघडलं नाही तर 43 अंशांतही तो किमान वीस तास तग धरतो. उन्हाने लस गेलीच तर व्हीव्हीएम, म्हणजे कुपीवरचं उष्णतेने रंग बदलणारं चिन्ह, सांगतं: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. खरा घात गारठ्याने होतो. हेपॅटायटिस बी उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळवून सुटत नाहीत. पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पीसीव्ही (न्यूमोकॉकलची), सगळ्यांचं तेच. आणि व्हीव्हीएम? फिकटच्या फिकट. त्याला गोठणं कळतच नाही.

बॅच नंबर:
आयएलआरचे पोवाडे पुरे. वीस तास हे अस्तर पूर्ण गोठलेलं असेल तरच. व्होल्टेज पडलेलं, स्टॅबिलायझर सारखा कट मारतोय, मग अस्तर धरणार कधी? आणि कारखान्याचं काय? एप्रिल 2016 मध्ये पोलिओच्या डोसातून टाइप 2 हा विषाणूचा प्रकार काढला. 2018 मध्ये गाझियाबादच्या कंपनीच्या बायव्हॅलंट (फक्त टाइप 1 आणि 3 च्या) डोसात तोच निघाला, आणि तो माल महाराष्ट्रातही आला होता. पकडला कुणी? उत्तर प्रदेशातल्या शौचाच्या आणि सांडपाण्याच्या नमुन्यांनी. कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेच्या बॅच रिलीझमधून, म्हणजे माल सोडण्याआधीच्या तपासणीतून, तो सुटून गेला होता!

रानवारा:
2018 चं नाकारतंय कोण? पण खासगीतल्या कुपीलाही कसौलीचाच दाखला लागतो. मग ‘खासगीत टोचा’ कुठल्या गणितातून आलं?

सुईदोरा:
तेच तर! कित्येक दवाखान्यांत घरगुती फ्रीज, लस दारात नाहीतर फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून, शेजारी दही. तिथल्या तापमान नोंदवहीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पीएचसीत निदान ई-विनचा (सरकारी लससाठा यंत्रणेचा) तापमान टिपणारा लॉगर आहे, पारा दोन ते आठच्या बाहेर गेला की मेसेज येतो.

टेकडीवरचं उपकेंद्र:
लॉगर आयएलआरमध्ये आहे, कॅरियरमध्ये, म्हणजे लस गावोगाव न्यायच्या डब्यात, नाही. एव्हीडीवाला (लस सत्राच्या जागी पोचवणारा) दारात हॉर्न वाजवतोय, डीप फ्रीझरमधून उणे वीसचे चार आइस पॅक काढले आणि थेट कॅरियरमध्ये कोंबले. पॅकला टेकलेली पेंटा तिथेच खलास. पॅक टेबलावर एका थरात, मध्ये बोटभर फट ठेवून मांडायचे. अंगावर घाम धरला आणि कानाशी हलवल्यावर पाणी खळखळलं, की मग भरायचे. कुपी झिप पिशवीत, मधोमध. घड्याळ लावून चालत नाही. मे महिन्यात लवकर होतं, जानेवारीत तासही जातो.

बॅच नंबर:
मग सरळ गार पाण्याचे पॅक वापरा की. गोठायचा प्रश्नच मिटला.

टेकडीवरचं उपकेंद्र:
आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत ओपीव्हीचं (पोलिओच्या तोंडावाटे डोसाचं) व्हीव्हीएम काळं झालं की जबाब कोण देणार, तुम्ही? कॅरियर एकच. त्यात उन्हाला भिणारी ओपीव्ही आणि थंडीला भिणारी पेंटा शेजारी-शेजारी. एसीत बसून उपाय सुचवणं सोपं असतं.

बॅच नंबर:
एसी काढू नका, मुद्द्यावर बोला. गोठल्याची शंका आली की शेक टेस्ट करायची, संपलं.

सुईदोरा:
कशी करतात ते तरी सांगा! त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गच्च गोठवून वितळवायची, तिच्यासोबत शंकेची कुपी हलवायची आणि पंधरा ते तीस मिनिटं शेजारी ठेवून बघायची. शंकेच्या कुपीत गाळ तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला तर ती फेका. आयपीव्हीला (पोलिओच्या इंजेक्शनला) ही टेस्ट लागूच नाही, तिच्यात ॲल्युमिनियम नसतं. आणि डोळ्यांसमोर दगड झालेल्या कुपीची टेस्ट कसली करता, ती बादच. गुरुवारच्या लसीकरणाच्या गर्दीत हे होतं का? म्हणून म्हणते, आधी पॅक नीट घामेजू द्या.

पाटीपेन्सिल:
मूळ रडगाणं वेगळंच आहे. सिस्टर उघडलेली कुपी परत नेतात. आधीच्या गावाची उरलेली लस आमच्या पोरांना?

सुईदोरा:
पेंटा, ओपीव्ही, आयपीव्ही, टीडी, पीसीव्ही असेल तर हो, अठ्ठावीस दिवस चालते. अट: एक्स्पायरी उलटलेली नाही, व्हीव्हीएम ठीक, गोठलेली नाही, रबरी बूच पाण्यात बुडालेलं नाही, उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली. बीसीजी (क्षयाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) मात्र डायल्युएंट, म्हणजे लसीची पूड विरघळवायचं द्रव, घातल्यापासून चार तास, पुढे नाही. त्यांत जंतू वाढले तर बाळ टॉक्सिक शॉकने जाऊ शकतं. कुपीवर वेळ नसेल तर टोचू देऊ नका.

पाटीपेन्सिल:
म्हणूनच एका बाळासाठी बीसीजी फोडत नाहीत, ‘पुढच्या वेळी या’ म्हणतात.

टेकडीवरचं उपकेंद्र:
एकाच बाळासाठीही फोडायची, असाच नियम आहे. पण महिनाअखेरीस ‘वेस्टेज का वाढलं’ म्हणून वरून फोन येतो, त्याचा नियम कुठे छापलाय?

बॅच नंबर:
चला, ‘खासगीत टोचा’ वाल्याची वकिली सोडली, पेढे वाटा. स्टॅबिलायझरचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

रानवारा:
कोल्ड चेन टेक्निशियनला त्याच दिवशी कळवा आणि नोंदवहीत लिहा. आणि बर्फ पाच मिलिमीटरच्या वर साचू देऊ नका. निम्म्या तक्रारी तिथेच असतात, व्होल्टेजवर बिल फाडलं जातं.