जुनी बॅट कापून सरावासाठी अरुंद बॅट करता येईल का?

पश्चिमवारा :

माझा पुतण्या चौदा वर्षांचा असून सांगलीत सीझन बॉलने नियमित सराव करतो. त्याचे पाय चांगले हलतात आणि चेंडूची दिशाही त्याला लवकर कळते. मात्र बचावात्मक खेळताना चेंडू फळीच्या मध्यावर न येता कडेकडे लागतो, असे त्याच्या प्रशिक्षकांचे निरीक्षण आहे आणि त्यासाठी त्यांनी अरुंद बॅटने सराव करायला सुचवले आहे. दुकानात अशा बॅटी मिळतात. परंतु माझी कॉलेजच्या काळातली काश्मीर विलो लाकडाची शॉर्ट हँडल (म्हणजे प्रौढांच्या नेहमीच्या मापाची) बॅट घरात पडून आहे आणि ती कापून असे काही करता आले, तर मला मनापासून आवडेल.

बॅटचे वजन ११९० ग्रॅम आहे. हँडल घट्ट आहे, दर्शनी बाजूवर फायबरची पारदर्शक शीट चिकटवलेली आहे, मधोमध दोरा गुंडाळलेला आहे आणि टोकाशी एक बारीक उभी चीर आहे. ओळखीच्या सुतारांकडे बँड सॉ, म्हणजे फिरत्या पट्ट्याची यांत्रिक करवत आहे. फळी किती रुंद ठेवावी, कापल्यावर हँडलचा जोड कमकुवत होईल का आणि वजन फार कमी होऊन सरावाचा उपयोगच उरणार नाही असे होईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

करवतकाठी :

बॅट कापता येईल, पण करवत लावण्यापूर्वी शीट आणि दोरा पूर्ण काढून लाकूड उघडे करा. जुन्या बॅटींची दुरुस्ती करताना अनेक ठिकाणी कडेतून आडवे खिळे किंवा पिना मारलेल्या असतात आणि दोऱ्याखाली त्या दिसत नाहीत. पट्टा अशा खिळ्यावर गेला तर पट्टाही जातो आणि सुतारांच्या हाताला इजा होण्याची भीतीही असते. म्हणून दोन्ही कडांवरून लोहचुंबक फिरवून पाहा. त्यानंतर लाकडाच्या रेषा पाहा. त्या खांद्यापासून (फळी हँडलजवळ सुरू होते तिथून) टोकापर्यंत सरळ उतरत असतील तर काम निश्चिंतपणे करता येईल. त्या तिरप्या जाऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर अरुंद केलेली फळी पहिल्याच जोरदार चेंडूला रेषेवरून फाटू शकते.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग जोडाचा आहे. हँडल फळीत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उतरलेले असते. हे पाचर खांद्यापाशी जवळजवळ हँडलइतकेच रुंद असते आणि खाली निमुळते होत जाते. समजा तुम्ही संपूर्ण फळी ६.५ सेंटिमीटर केली आणि खांद्यापाशी पाचर साडेतीन सेंटिमीटर असले, तर दोन्ही बाजूंना विलोचा जेमतेम दीड-दीड सेंटिमीटरचा गाल उरतो आणि सारा हिसका त्याच गालांना सोसावा लागतो. जोडाची रेष दर्शनी बाजूवर स्पष्ट दिसते. ती जिथे संपते तिथपर्यंत रुंदी मूळचीच राहू द्यावी, त्याखाली चार-पाच सेंटिमीटरच्या उतारात ती हळूहळू कमी करावी आणि तिथून टोकापर्यंत समांतर कापावे. उताराच्या जागी काटकोनी खाच मात्र कधीही ठेवू नये, कारण चीर नेमकी त्या कोपऱ्यातून सुरू होते. चेंडू मधोमध लागायला हवा तो भाग या उताराच्या बराच खाली असतो, त्यामुळे वरची फळी रुंद राहिल्याने सरावात काहीही बिघडत नाही.

नियमानुसार फळीची कमाल रुंदी १०.८ सेंटिमीटर आहे, तर सीझन बॉलचा व्यास सव्वासात सेंटिमीटरच्या आत-बाहेर असतो. माझे मत असे की पहिल्यांदा ७.५ सेंटिमीटरवर थांबावे, म्हणजे फळी चेंडूपेक्षा किंचितच रुंद राहील. काही आठवडे खेळून झाल्यावर गरज वाटली तर ६.५ पर्यंत जाता येते. कापलेले लाकूड मात्र परत जोडता येत नाही. मध्यरेषा आखताना टोकाच्या रुंदीचा मध्य काढून भागत नाही. हँडलच्या मध्यापासून पाठीमागच्या कण्यावरून (मधल्या उंचवट्यावरून) टोकापर्यंत सुतळी ताणून पाहावी, कारण हाताने घडवलेल्या बॅटीत कणा अनेकदा एका बाजूला सरकलेला असतो. त्या रेषेपासून दोन्हीकडे समान अंतर घेऊन, दोन मिलिमीटर जास्त ठेवून कापावे आणि उरलेले रंध्याने काढावे.

लेगस्टंप :

वरील माहिती उत्तम आहे, तरीही मी थोडे वेगळे मत मांडतो. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने खेळत असत, हे सर्वश्रुत आहे. एक स्टंप आणि टेनिस बॉल यांवर नजर आणि हात यांचा मेळ बसवता येतो, त्यासाठी खर्चही नाही आणि कारागिरीही नाही. जुनी बॅट आठवण म्हणून जपावी, असे मला वाटते.

डावखुरा :

मी अनेक वर्षे मुलांना शिकवत आहे. स्टंपचा सराव चांगलाच आहे, पण या मुलाची अडचण त्याने सुटेलच असे नाही. स्टंप गोल असतो आणि त्याचा व्यास नियमाप्रमाणे ३.५ ते ३.८१ सेंटिमीटर असतो. चेंडू त्याला लागला की तो कुठल्याही दिशेला उडतो, आणि आपण फळीचे तोंड सरळ आणले होते की वळवले होते, हे मुलाला कळत नाही. अरुंद असली तरी सपाट असलेली फळी ते लगेच सांगते: तोंड सरळ असेल तर चेंडू आला तसा परत जातो, खालच्या हाताने बॅट वळवली असेल तर तो लेगच्या बाजूला घरंगळतो.

वजनाची काळजी करू नका. कडा कण्यापेक्षा पातळ असल्याने रुंदी जितकी कमी होते तितक्या प्रमाणात वजन उतरत नाही. तुमची मोठ्या मापाची बॅट कापल्यावर हजार ग्रॅमच्या आसपास उरावी, म्हणजे या वयाची मुले वापरतात त्या बॅटीच्या फार खाली ती जाणार नाही. लांबी मात्र पाहा. मुलगा हॅरो मापाची (प्रौढांच्या मापापेक्षा एक पायरी लहान) बॅट वापरत असेल तर शॉर्ट हँडल त्याला दोनेक सेंटिमीटर लांब पडेल. ती लांबी हँडलच्या वरच्या टोकाकडून कमी करावी, फळीचे टोक छाटू नये. टोक छाटले की चेंडू लागण्याची उत्तम जागा आणि तोल दोन्ही बदलतात.

सरावाची पद्धत बॅटीइतकीच महत्त्वाची आहे. दहा-बारा पावलांवरून खालच्या हाताने हळू चेंडू टाकावेत, आरंभी टेनिस बॉल आणि मग जुना, मऊ पडलेला सीझन बॉल वापरावा. चेंडूला खडू घासून द्या. प्रत्येक फटक्यानंतर फळीवर पांढरा ठिपका उमटतो आणि मुलाला स्वतःलाच दिसते की आपण मध्यापासून किती बाजूला आहोत. असे ठिपके एकाच उभ्या पट्ट्यात दाटू लागले की त्याचे डोके चेंडूच्या रेषेत येऊ लागले आहे, असे खुशाल समजावे. या बॅटने फक्त सरळ बॅटचे फटके खेळवावेत. कट आणि पुल अजिबात नको, कारण उसळत्या चेंडूवर अरुंद फळी चुकली की तो थेट बोटांवर किंवा बरगडीवर येतो. पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट यांना सूट देऊ नये, आणि प्रत्येक सत्राचा शेवट त्याच्या नेहमीच्या बॅटने करावा.

पश्चिमवारा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शीट काढून पाहिली. रेषा सरळ आहेत आणि लोहचुंबक कुठेही चिकटले नाही. ७.५ सेंटिमीटरवरच थांबण्याचे ठरवले आहे. टोकाची चीर मध्यरेषेपासून साधारण दोन सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ती कापलेल्या भागाबरोबर निघून जाणार नाही. तिचे काय करावे? आणि कापल्यानंतर कडांना तेल पुरेसे होईल का?

करवतकाठी :

चीर कापण्यापूर्वीच भरून घ्या, कारण यंत्राच्या थरथरीने ती वर सरकू शकते. पातळ पट्टीने चीर हलकेच उघडून आत लाकडाचा गोंद खोलवर जाऊ द्यावा, शिकंजात घट्ट धरावे आणि चोवीस तास हात लावू नये. त्यानंतरच बॅट सुतारांकडे न्यावी.

कडांसाठी नुसते तेल पुरेसे नाही. बॅट बनवताना दर्शनी बाजू आणि कडा दाबून कठीण केलेल्या असतात. तुम्ही कापाल तेव्हा आतले, न दाबलेले मऊ लाकूड उघडे पडेल आणि त्यावर नखही सहज रुतेल. प्रथम कानशीने दोन्ही कोपरे पाच-सहा मिलिमीटर गोल करा आणि ८० नंबरपासून सुरुवात करून २२० नंबरपर्यंत पॉलिश पेपर फिरवा. मग अळशीच्या कच्च्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. रंगाच्या दुकानात सहसा डबल बॉइल्ड तेल पुढे करतात, ते घेऊ नये. जोडाच्या जागी तेल लागू देऊ नका आणि बॅट आडवी ठेवून वाळवा. तेल मुरल्यावर लाकडी मोगरीने कडा तिरप्या हाताने, आधी हळू आणि मग थोड्या जोराने ठोकत गोलाई पक्की करा. सरळ कडेवर घाव घालू नका. मोगरीचा आवाज बोदा येत असेल तोवर लाकूड मऊ आहे असे समजावे. तो टणक येऊ लागला, की कडांवरून फायबर टेप लावा, टोकाच्या उघड्या लाकडावर ओल शिरू नये म्हणून गोंदाचे दोन पातळ थर द्या आणि ते पूर्ण वाळल्यावरच बॅट मुलाच्या हाती द्या.