बारावी, जेईई, सीईटी : घरच्यांनी नेमकं काय करावं? सल्ला हवा आहे

कोयनाकाठ

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप. आम्ही कराडचे. जेईईचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेचा, जानेवारीचा पेपर तोंडावर आलाय. पाठोपाठ प्रॅक्टिकल, मग बोर्डाची लेखी, मग एप्रिलमध्ये पुन्हा जेईई आणि राज्याची प्रवेशपरीक्षा, सीईटी. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याने लाल पेनाने गोल केलेत. येता-जाता माझीच नजर तिकडे जाते आणि पोटात गोळा येतो.

दिवाळीपर्यंत जेवताना तासभर गप्पा मारणारा मुलगा आता ताट घेऊन खोलीत जातो. गेल्या आठवड्यात क्लासच्या टेस्टचे मार्क आले. मी पोळी वाढता वाढता विचारलं, "फिजिक्सला किती?" त्याने उत्तर दिलं नाही. उठला, हात धुतले आणि खोलीचं दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता. दार आपटलं असतं तर मी चार शब्द बोलले तरी असते.

हे म्हणतात, तू काही विचारूच नकोस. सासूबाईंनी स्वतःहून मालिका बंद केल्यात. धाकटी घरात कुजबुजत बोलते. सगळं घर श्वास रोखून बसल्यासारखं झालंय आणि त्याचा त्याला फायदा होतोय असं काही मला दिसत नाही.

विचारायचं हे, की अभ्यासाबद्दल बोलावं की नाही? मोबाइल काढून घ्यावा का? प्रवेशाची कागदपत्रं आत्तापासून जमवायची असतात का? आणि एक मनात सलतंय. परवा तो म्हणाला, "मला इंजिनिअरिंग करायचंच नाही बहुतेक." नंतर त्यावर एक अक्षर बोलला नाही. दोन वर्षं क्लासची फी भरून झाल्यावर हे ऐकलं की काय करायचं असतं? ज्यांच्या घरातून हे दिवस गेलेत त्यांनी कृपया लिहा.

खडूफळा

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, बावीस वर्षं झाली. आधी अभ्यासाचं बोलतो.

क्लासची मुलं दोन वर्षं फक्त पर्याय निवडतात. पेनाने सलग तीन तास लिहायची सवय पार मोडलेली असते. बोर्डाचा पेपर अकराला सुरू होतो आणि २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे अकरा ते दोन-दहा. रात्री दोन-तीनपर्यंत जागणाऱ्या पोराचं डोकं सकाळी अकराला झोपेतच असतं. दरवर्षी बघतो मी, हुशार मुलगा, सगळं येत असतं, पण दीड वाजता मनगट धरून बसतो आणि शेवटचे बारा-पंधरा मार्क कोरे सोडून उठतो.

म्हणून आतापासून दर रविवारी अकरा ते दोन-दहा घरात एक पूर्ण पेपर लिहून घ्या. समास आखलेले फुलस्केप कागद, पेन, घड्याळ. मोबाइल बाहेर. तुम्ही फक्त पाण्याची बाटली भरून ठेवायची. लिहिलेला पेपर तपासायला जाऊ नका, मार्क विचारू नका. तो त्याचा तो बघेल किंवा कॉलेजच्या सरांना दाखवेल. चार रविवार झाले की हात आणि डोकं दोन्ही त्या वेळेला लागतात.

प्रॅक्टिकल हलक्यात घेऊ देऊ नका. फिजिक्स, केमिस्ट्रीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. गणिताला ८० आणि २०. इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या, कित्येक मुलांनी लांबी मोजायचा व्हर्नियर हातात धरलेला नसतो. जर्नल पूर्ण आहे का, तेवढं एकदा विचारा. हा प्रश्न विचारला तर कुणाला राग येत नाही.

आणि त्याला समजावून सांगा की बोर्ड आणि सीईटी हे दोन वेगळे डोंगर नाहीत. एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असते, साधारण ८० टक्के बारावी आणि २० टक्के अकरावी. फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका मार्काचे, त्याला ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, त्याला वेगळी ९० मिनिटं. एकूण २००. चुकलं तर मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईईला मात्र चुकीला एक मार्क जातो. दोन्हीची सवय एकत्र करायला गेलं की मुलं सीईटीलाही घाबरून प्रश्न सोडतात. जानेवारीची जेईई मनासारखी गेली नाही तर तिचा शोक करण्यात फेब्रुवारी घालवू नका. एप्रिलची असते, आणि २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) या दोन्ही ग्रुपची सीईटीही दोनदा देता येते. एनआयटीची (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची) इच्छा असेल तर बारावीची ७५ टक्क्यांची अटही लक्षात ठेवायला हवी.

विदर्भातला बाबा

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण मागच्या उन्हाळ्यात माझा जीव त्यातच गेला होता.

मुलगी ओबीसीतून. जात वैधतेसाठी, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवून घेण्यासाठी, वडिलांकडचा जुना पुरावा लागतो, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. माझे आजोबा चौथी शिकलेले. त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी लोखंडी कपाटातून दाखलखारीज रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. मास्तर पट्टीने एकेक पान सोडवत होते. पाऊण तासाने नाव सापडलं. आजोबांचं नाव त्या निळ्या शाईत पाहिलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पण नावातली एक वेलांटी वेगळी होती. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. हे सगळं ऐन सीईटीच्या पंधरवड्यात. पोरगी अभ्यास सोडून मला विचारायची, "बाबा, झालं का काम?" हा ताण मी तिला द्यायला नको होता. अकरावीतच केलं असतं तर तिच्यापर्यंत काही पोचलंच नसतं.

तेव्हा ताई, डोमिसाईल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) नसेल तर उद्याच सेतू केंद्रात अर्ज टाका. राखीव प्रवर्ग असेल तर वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत लगेच. नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, म्हणून जुनं आहे म्हणून गाफील राहू नका. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आज रात्रीच बघा.

आणखी एक. फॉर्म नेटकॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. आमच्या शेजाऱ्यांनी दुकानदाराचा नंबर दिला होता. ऐन प्रवेशफेरीत ओटीपी त्याच्याकडे, आणि तो लग्नाला गेलेला.

कोयनाकाठ

दादा, खूप आभार. आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत, त्यामुळे काही लागतच नाही असं धरून चाललो होतो. आत्ता उठून पाहिलं तर डोमिसाईलच नाहीये. सर, रविवारचा पेपर या रविवारपासून सुरू करते.

पावसाळी वाट

निकालानंतरच्या एका गोष्टीबद्दल लिहिते, तेव्हा सगळे थकलेले असतात म्हणून आत्ताच वाचून ठेवा. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांचे, नियम २०२५ मध्ये बदलले. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला की तो पक्का, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू. आम्ही जुन्या ऐकीव माहितीवर चाललो. "वर काहीही टाका, नंतर बेटरमेंट करता येतं, पुढच्या फेरीत बदलता येतं," असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. मुलाला हवी होती इलेक्ट्रॉनिक्स, घराजवळच्या कॉलेजात. आम्ही वर टाकली दुसरीच शाखा, दुसऱ्या जिल्ह्यातली, नुसती बघू म्हणून. आणि नेमकी तीच लागली. तो गेला, शिकतोय. पण यादी भरताना "आई, हे वर नको ना" असं तो दोनदा म्हणाला होता आणि आम्ही ऐकलं नव्हतं, हे मला अजून टोचतं.

यादी मुलाला करू द्या. तुम्ही मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा, वसतिगृहाचा आणि येण्याजाण्याचा खर्च शेजारी लिहा. क्रम त्याचा. आणि त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, कारण नियम बदलत राहतात.

दुसऱ्या वर्षाची

काकू, मी तिकडच्या बाजूने लिहिते. दोन वर्षांपूर्वी मीच ती खोलीत ताट नेणारी मुलगी होते.

ताट खोलीत नेण्याचं कारण सांगू? जेवताना कोणी मार्क विचारेल याची भीती. बस, एवढंच असतं. आमच्या घरी बाबांनी एक दिवस सांगून टाकलं की जेवणाच्या वेळी परीक्षेचा विषय निघणार नाही, पाहुणे आले तरी नाही. दोन-तीन दिवस सगळे गप्प बसून जेवले, काय बोलायचं तेच कोणाला सुचेना. मग आजीने तिच्या लहानपणीच्या पुराची गोष्ट काढली. दुसऱ्या दिवशी मी आपोआप बाहेर येऊन बसले.

मला सगळ्यात जड गेलं ते आईचं उपास करणं. माझ्यासाठी तिने सोमवार आणि गुरुवार धरले होते. तिच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा दिसला की वाटायचं, ही माझ्यासाठी उपाशी आहे आणि मला एक इंटिग्रल सुटत नाहीये. तुम्ही करत असाल तर करा, पण त्याला कळू देऊ नका.

मोबाइल काढून घेऊ नका. लेक्चर, नोट्स, डाउट विचारायचे ग्रुप, सगळं त्यातच असतं. आमच्याकडे रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी चार्जिंगला लागायचे. बाबांचासुद्धा. त्यामुळे मला शिक्षा झाल्यासारखं वाटलं नाही.

सीईटीचं सेंटर आमच्या गावापासून लांब आलं होतं. पेपर देऊन बाहेर आले तर बाबा झाडाखाली उन्हात उभे होते, हातात माझी चप्पल, कारण बूट काढल्यावर मला बरं वाटतं हे त्यांना माहीत होतं. "कसा गेला?" नाही विचारलं. म्हणाले, "उसाचा रस घेऊ या का?" गाडीत मीच बोलायला लागले आणि तासभर बोलत राहिले.

इंजिनिअरिंग नको असं तो म्हणाला ना, तर ते एकदा पूर्ण ऐकून घ्या. घरात नको, बाहेर चालताना. समोरासमोर बसलं की आम्हाला बोलता येत नाही. कधी कधी ते नुसतं "मला भीती वाटते" असतं. कधी खरंच नको असतं. खरंच नको असेल तर दुसरी दारं चालू ठेवा. बीसीए-बीबीएलासुद्धा २०२४ पासून सीईटी आहे, आयसरची (विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांची) वेगळी परीक्षा असते, आणि त्यांचे फॉर्म आपापल्या तारखांना बंद होतात. निकाल लागल्यावर बघू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

खडूफळा

वरच्या मुलीने लिहिलंय ते घरोघरी वाचून दाखवावं असं आहे.

एक गंभीर गोष्ट जोडतो. झोप पूर्ण उडणं, जेवण तुटणं, मित्रांचे फोन न घेणं, "माझा काही उपयोग नाही" अशी वाक्यं हे दिसलं तर त्याला परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आईवडीलही करू शकतात. परीक्षेच्या काळात बोर्डही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. आणि निकालाच्या आधीच घरात मोठ्याने बोलून ठेवा, की मार्क कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, पुनर्मूल्यांकन होतं, एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते. निकालाच्या दिवशी हे सांगायला गेलं तर पोराच्या कानात शिरत नाही.

कोयनाकाठ

काल संध्याकाळी त्याला घेऊन प्रीतिसंगमावर गेले. भेळ घेतली. पाण्याकडे बघत चालत होतो, मी काहीच विचारलं नाही. परत फिरताना तोच म्हणाला, "आई, त्या रात्री तुम्ही स्वयंपाकघरात एफडी मोडायचं बोलत होतात, ते मी ऐकलं."

म्हणजे हे होतं. त्याला इंजिनिअरिंग नको नव्हतंच. दोन महिने तो मनातल्या मनात आमचा हिशोब करत होता. मी तिथेच कठड्यावर बसले. त्याला सांगितलं की पैशाचं आम्ही बघू, आणि जे काही असेल ते तुला खरं खरं सांगू. रात्री त्याने ताट बाहेर आणलं. सासूबाईंना म्हटलं, तुमची मालिका लावा. त्यानेही दहा मिनिटं पाहिली.

आता एकच विचारते. यांचा पगार साखर कारखान्यातला, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. खुल्या प्रवर्गाला फीसाठी काही आहे का?

विदर्भातला बाबा

आहे ना ताई. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आठ लाखांच्या आत उत्पन्न आणि प्रवेश कॅपमधून झालेला असला की ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, प्रवेश झाल्यावर. शिवाय ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र काढा, त्याच्या जागा वेगळ्या असतात. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफी योजना) म्हणून आणखी पाच टक्के जागा असतात, त्यात ट्यूशन फी पूर्ण माफ, कॅपच्या फॉर्ममध्ये तो पर्याय निवडावा लागतो. धाकटी पुढे आली की तिचं बघा, २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच. माझ्या मुलीला त्याचाच आधार झाला.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडला की नवीन आर्थिक वर्षाचा काढा. तुमच्या मिस्टरांचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) कारखान्याकडून आत्ताच मागून ठेवा. आणि ही बातमी मुलाला आज जेवतानाच सांगा, ती परीक्षेच्या विषयात धरायची नाही.