मदत हवी आहे: सासऱ्यांच्या पायाच्या जखमेसाठी हायपरबेरिक ऑक्सिजन चेंबर, नागपूरला न्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांबद्दल (आमच्याकडे मामाजी म्हणतात) विचारायचं आहे. वय 64, शुगर जुनी. वावरात पऱ्हाटीचं खुंट चपलेतून आरपार तळव्यात घुसलं. पाय बधिर, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी सासूबाईंना चपलेत रक्त दिसलं तेव्हा कुठे कळलं. जखम अंगठ्याच्या बुडाशी आहे, वरून रुपयाएवढी पण आत खोल. यवतमाळच्या सर्जननी सडलेला भाग काढला, अँटिबायोटिक चालू आहेत, ड्रेसिंग होतंय. एक्स-रेवरून हाडाला इन्फेक्शन असल्याची शंका आहे, अंगठा काढावा लागू शकतो म्हणतात. मामाजींचं एकच पालुपद: "आंगठा गेला त मी वखरामागं चालू कसा?"

नणंदबाई नागपूरला असतात. त्यांनी ऑक्सिजन चेंबरचं एक केंद्र शोधलं. तिथल्या माणसाने फोनवरच 30 बैठकांचं पॅकेज सांगितलं. अंगठा नक्की वाचेल, साइड इफेक्ट काहीच नाही, असंही म्हणाला. एकही रिपोर्ट न बघता! मला तिथेच खटकलं, पण ह्यांचं मन बहिणीकडे झुकलंय. पैसे म्हणाल तर सोयाबीन घरात यायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागेल.

या उपचारात खरंच दम आहे का, आणि जायचंच तर आधी काय तपासून घ्यावं? मामाजींना पूर्वी टीबी झाला होता (कोर्स पूर्ण केला), मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे आणि खर्रा सुटत नाही, हेही सांगून ठेवते.

वर्धेकर:
ताई, मी सर्जन आहे, पण पेशंट न बघता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

उपचार खोटा नाही. बंद चेंबरमध्ये हवेचा दाब नेहमीच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत वाढवतात आणि पेशंटला शुद्ध ऑक्सिजन देतात, साधारण दीड-दोन तास. एरवी रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर बसून जातो. दाबाखाली तो रक्ताच्या पाण्यातही विरघळतो आणि कमी रक्त मिळणाऱ्या भागाला जास्तीचा मिळतो. पाणबुड्यांचा डिकम्प्रेशनचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन यांत तो मान्य आहे. शुगरच्या पायाच्या निवडक जखमांतही आहे, पण जोडउपचार म्हणून.

पुरावा मात्र दोन्हीकडे बोलतो. 2010 च्या स्वीडनमधल्या अभ्यासात 94 पेशंट होते. वर्षभराने चेंबरवाल्यांपैकी 52 टक्क्यांची जखम भरली, नुसता दाब देऊन साधी हवा दिलेल्यांपैकी 29 टक्क्यांची. 2018 मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात रक्तपुरवठा कमी असलेले 120 पेशंट होते. तिथे जखम भरण्यात किंवा पाय वाचण्यात ठोस फरक दिसला नाही. त्यात बऱ्याच जणांना सगळ्या बैठका झेपल्याच नाहीत, हेही खरं. अमेरिकेतली सरकारी मेडिकेअर योजना सुद्धा या जखमेसाठी पैसे देते ती खोल जाऊन आत पू किंवा हाडाला इन्फेक्शन झालं असेल (किंवा त्याहून वाईट असेल) आणि 30 दिवस नीट उपचार करूनही सुधारत नसेल तरच. तेव्हा "नक्की वाचेल" म्हणणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.

तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट दिसली नाही: पायाचा डॉपलर (रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी). पाटचारी बुजलेली असेल तर धरणातून कितीही पाणी सोडा, शेवटच्या वावरात येत नाही. पायाची धमनी बंद असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासने ती उघडता येते का, हा पहिला प्रश्न. हात आणि घोट्याच्या बीपीची तुलना करतात, पण शुगरवाल्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात, म्हणून तो आकडा फसवा चांगला येऊ शकतो. पायाच्या अंगठ्यातला बीपी मोजता आला तर बघा. वर्ध्याजवळचं सेवाग्राम किंवा सावंगीचं हॉस्पिटल तुम्हाला नागपूरच्या अलीकडेच पडेल.

टीबीचं सांगितलंत ते बरं केलं. फुप्फुसात जुनी पोकळी किंवा हवेचा फुगा राहिला असेल तर दाब उतरताना तो फुटू शकतो. छातीचा फोटो, गरज पडल्यास सीटी, झाल्याशिवाय आत बसवू नका. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर चेंबर बादच.

कापूसकोंडा:
केंद्रवाल्याला एवढंच विचारा: दाब किती एटीए (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या किती पट)? 1.3 म्हणाला तर ते चेंबर म्हणजे चेन लावायची कापडी पिशवी असणार. तिचा आणि वरच्या अभ्यासांचा काही संबंध नाही. आणि आत काही झालं तर बाहेर डॉक्टर कोण असतो, हेही विचारा.

चिखलदऱ्याची पोर:
माझ्या आईने हा उपचार घेतलाय, पण कारण वेगळं होतं. कॅन्सरच्या रेडिएशननंतर लघवीतून रक्त जायचं. तिला फरक पडला. त्रास म्हणाल तर कानाचा. दाब चढताना दडे बसायचे. नाक दाबून हळूच फुंकर मारायची किंवा घोटभर पाणी गिळायचं, असं तिला शिकवलं होतं. डोक्याला तेल नाही, व्हॅसलीन नाही, फक्त सुती कपडे, मोबाइल-काडीपेटी बाहेर. ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आग. मामाजींची शुगर रोज आत जाण्याआधी बघायला लावा, आत असताना ती उतरू शकते. नजर काही दिवस बदलते आणि मोतीबिंदू वाढू शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या.

खर्ऱ्याचं काय ते घरातच ठरवा. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात. चेंबरमधून बाहेर येऊन खर्रा चोळायचा असेल तर उचल घेऊच नका.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. डॉपलर झालेलाच नाही, आज फाइल पुन्हा चाळली. सोमवारी सावंगीला नेतोय, छातीचा फोटोही करून घेऊ. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारू. नणंदबाईंना हा धागा पाठवलाय. त्या जरा फुरंगटल्यात, पण एटीएचं त्याच विचारणार आहेत.

एक राहिलं. मामाजी घरात थांबतच नाहीत, ड्रेसिंगवर पिशवी बांधून गोठ्यात जातात. शुगरवाल्यांची ती मऊ एमसीआर चप्पल आणून द्यावी का?

वर्धेकर:
एमसीआर चप्पल जखम भरल्यावर. आत्ता त्या जागेवर भारच नको. वॉकर द्या, आणि सावंगीला "ऑफलोडिंग (जखमेवरचा भार काढणं) कसं करायचं" हे नाव घेऊनच विचारा. इन्फेक्शन आणि रक्तपुरवठा बघून प्लास्टर, फेल्ट की बूट ते ठरवतील. ताप आला, पाय लाल होऊन सुजला किंवा काळपट पडला तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा.