तेजसला इंजिन अमेरिकेचं, मग त्यात स्वदेशी काय राहिलं?

सातपूरचा_मामा:
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे पण हसू नका. १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क वन ए, म्हणजे तेजसची सुधारित आवृत्ती, उडालं, तेव्हा आम्ही घरी सगळे टीव्हीला चिकटून बसलेलो, नाशिकचं विमान म्हटल्यावर छाती फुगणारच. भाचा नववीत आहे, त्याने विचारलं मामा इंजिन कोणाचं, मी म्हटलं जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, अमेरिकेचं. तर म्हणतो मग आपलं काय, रंग? मला काही बोलता येईना. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी वाटतं, १९८३ ला मंजुरी आणि हवाई दलात तेजसची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली २०१६ ला, एवढ्यात माणूस नोकरीला लागून रिटायर होतो. त्याच २०१६ ला ३६ राफेलचा करार झाला, तशीच अजून घेऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं?

जुना_फिटर:
भाचा हुशार आहे, त्याला आधी पेढा द्या. माझी उमर मिगच्या पार्टवर गेली म्हणून सांगतो. परवान्यावर विमान बनवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाणं. मीठ किती ते चिठ्ठीवर लिहिलेलं, तेवढं घालायचं, का तेवढंच ते विचारायचं नाही. ड्रॉइंगमधे बोल्ट किती आवळायचा ते असतं, तेवढाच का हे नसतं. मिग-२१ झालं, मिग-२७ झालं, सुखोई झालं, हात तयार झाले पण डोकं कुठे तयार झालं? उद्या त्यात आपलं मिसाइल बसवायचं म्हटलं की लागलीच परवानगी आणि बिल. तेजसवरून अस्त्र नावाचं आपलं मिसाइल डागलं ते ऑगस्ट २०२३ मधे, गोव्याच्या किनाऱ्याजवळ, ते आपल्याच लोकांनी जुळवलेलं.

आणि एक. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलंय, कॉम्प्युटरने सतत सावरलं नाही तर हवेत टिकणार नाही. ते सावरायचं गणित म्हणजे कंट्रोल लॉ, त्यावर आपली माणसं अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होती. १९९८ ला पोखरण झालं, निर्बंध लागले, आपल्या लोकांना परत यावं लागलं. मग बंगळुरात बसून ते काम पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं उड्डाण केलं. भाच्याला सांगा, आपलं ते हे.

चक्रम_चक्रधर:
काका सगळं मान्य, पण गणितावर बसून वैमानिक गस्त घालत नाही हो. मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यावर उरल्या २९. ८३ मार्क वन ए ची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची, मार्च २०२४ पासून मिळायची होती, ती तारीख हुकली. का तर बाकीच्या कामांबरोबर इंजिनं अडली, २०२१ ला ९९ मागवलेली त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ ला. म्हणजे ज्याच्या हातात इंजिन त्याच्या हातात आपली मान, मग राफेल घेतलं काय आणि हे केलं काय. ते निदान वेळेत उडतं तरी. वर परत सप्टेंबर २०२५ मधे अजून ९७ ची ऑर्डर दिली, ६२ हजार कोटींच्या वर. मी विरोधात नाहीये, फक्त उगाच टाळ्या नकोत.

अंबड_व्हीएमसी:
चक्रधरशी अर्धा सहमत. पण इंजिन म्हणजे काय चीज आहे ते बघा. टर्बाइनच्या ब्लेडवरून जो गॅस जातो तो ती ब्लेड ज्या धातूची आहे तो वितळेल याहून गरम असतो, तरी ब्लेड वितळत नाही कारण आतून पोकळ, बारीक भोकांतून थंड हवा खेळवलेली, आणि अख्खी ब्लेड एकाच स्फटिकाची ओतलेली. हे जमणारे देश हाताच्या बोटांवर. आपलं कावेरी इंजिन १९८९ ला सुरू झालं, वजन वाढलं, थ्रस्ट म्हणजे पुढे ढकलायचा जोर कमी पडला, २००८ ला तेजसपासून वेगळं केलं. आणि लाजायचं काही नाही, स्वीडनच्या ग्रिपेनला जीईच, कोरियाच्या केएफ-२१ ला जीईच, तुर्कस्तानचं कान २०२४ ला उडालं तेही जीईवरच, चीनचं जे-१० रशियन इंजिनावर सुरू झालेलं. त्यांना कोणी विचारत नाही रंग का म्हणून.

माझं छोटं वर्कशॉप आहे, विमानाच्या कामाचे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट करतो, कोणासाठी ते राहू दे. पहिल्याच लॉटला ४० पीस मायक्रोमीटरवर एकदम ओके, तरी सगळे रिजेक्ट, कारण एका बारचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतीतला ते सांगणारा आकडा, सर्टिफिकेटशी जुळेना. दोन रात्री झोप नाही, पोरांच्या ओव्हरटाइमचे पैसे खिशातून. तेव्हा शिव्या घातल्या. आता प्रत्येक तुकडा कुठल्या बारमधून कापला, कुठल्या शिफ्टला, कोणी, सगळं वहीत असतं, आणि गंमत म्हणजे पंपवाल्यांचं कामही तसंच करायला लागलो. राफेल विकत घेऊन माझ्या दुकानात ही वही आली नसती.

लोंगेवाला७१:
मारुत विसरलात का सगळे? एचएफ-२४, आपलं जुनं लढाऊ विमान. जर्मनीच्या कुर्ट टांकना आणून बंगळुरात डिझाइन केलं, १९६१ ला उडालं, सांगाडा देखणा पण जोडीला मनासारखं इंजिन मिळालंच नाही, ऑर्फियस इंजिनावर भागवलं. तरी १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं. १४७ बनली आणि पुढे काहीच नाही. टीम पांगली. एलसीए, म्हणजे हेच तेजस, काढलं तेव्हा लढाऊ विमान कोऱ्या कागदावरून आखलेली माणसं शोधायची वेळ, म्हणून तर ३३ वर्षं लागली, नुसत्या आळशीपणाने नाही. आता पुन्हा लाइन तोडली तर पुन्हा तेच. चक्रधर, इंजिन उशिरा येतं म्हणून सांगाडा करणाऱ्यांना घरी बसवायचं का?

चक्रम_चक्रधर:
घरी कोण बसवतंय, पण मधल्या काळात आकाश कोण सांभाळणार तेवढं सांगा. थोडी आयात करावीच लागेल.

लोंगेवाला७१:
थोडी करा की. सगळीच नको.

सातपूरचा_मामा:
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. कंट्रोल लॉ वर गप्प झाला, ब्लेडवर मात्र अडून बसलाय, एवढ्या कडक धातूला एवढं बारीक भोक पाडतात कशाने? ड्रिल मोडणार नाही का?

अंबड_व्हीएमसी:
ड्रिल चालतच नाही, लेझर नाहीतर ईडीएम, म्हणजे ठिणगीने धातू खायचा. ब्लेडचं काम आमच्याकडे नाही पण डायसाठी एक जुनं ईडीएम आहे. रविवारी दहाला घेऊन ये, तेलात ठिणगी कशी उडते दाखवतो. चप्पल नको, बूट घालून आण.