घरघंटीच्या रिव्ह्यू ब्लॉगची ट्रॅफिक आपटली. जुने लेख उडवू की ठेवू?

घरघंटी_ब्लॉग
मराठी ब्लॉग, विषय घरघंटी आणि मिक्सर. कमाई अ‍ॅमेझॉनच्या अफिलिएट लिंकवर (लिंकवरून कुणी वस्तू घेतली की कमिशन). गुगलच्या जून 2025 च्या कोअर अपडेटपासून (सर्चचे निकाल ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) क्लिक उतरलेत. 'टॉप 10 घरघंटी' छापाचे लेख बरेच आहेत, काही इंग्रजीवरून टूलने भाषांतर केलेले. कुणी म्हणतं सगळे उडव, कुणी म्हणतं तारीख बदलून पुन्हा पब्लिश कर. एक जण जुनं एक्स्पायर्ड डोमेन (मुदत संपून सुटलेलं वेबसाइटचं नाव) विकत घे म्हणतोय. काय करू?

कन्सोल_काका
आधी घसरण कसली आहे ते बघ. तो अपडेट 30 जून ते 17 जुलै चालला. सर्च कन्सोलच्या (गुगल सर्चमधले आपल्या साइटचे आकडे दाखवणारं गुगलचं टूल) परफॉर्मन्समध्ये 23 ते 29 जून आणि 28 जुलै ते 3 ऑगस्ट अशी तुलना लाव. दोन्ही सोमवार ते रविवार, म्हणजे वारांचा घोळ नाही. अपडेट चालू असतानाचे आकडे धरू नकोस, रोज हलतात. बेरीज बघून काही कळत नाही, 'पेजेस' टॅब उघड आणि एकेक पान तपास.

पोझिशन (निकालांतला क्रमांक) 2 वरून 4 वर आली असेल तर पानाला हात लावायचा नाही. 4 वरून 29 वर गेली असेल तर ते पान खरंच पडलंय. पोझिशन आणि इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं) जागच्या जागी, फक्त क्लिक कमी, असं असेल तर वरचा एआय ओव्हरव्ह्यू (गुगलने एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर) किंवा शॉपिंगचे डबे क्लिक खातायत; तिथे लेख पुन्हा लिहून फरक पडणार नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये डेस्कटॉपची इम्प्रेशन एकदम पडलेली दिसली, क्लिक मात्र तेवढेच, तर घाबरू नकोस. एका पानावर 100 निकाल मागायची सोय गुगलने बंद केली, त्यामुळे रँक तपासणाऱ्या टूल्सची खोटी इम्प्रेशन गळली.

कन्सोल 16 महिन्यांचाच डेटा ठेवतो. आजच एक्स्पोर्ट करून ठेव. भाजणीचे सर्च दिवाळीआधी वाढतात, गेल्या वर्षाशी ताडून बघायला तो लागेल.

मोजून_मापून
तारखेची युक्ती सोडा. मजकूर तोच ठेवून तारीख नवी करणं गुगल स्वतःच्या मार्गदर्शनातच नको म्हणतं. एक्स्पायर्ड डोमेनच्या जुन्या नावावर तरणं मार्च 2024 पासून थेट स्पॅम धोरणात बसतं. टूलने केलेली घाऊक भाषांतरंही त्याच धोरणात, आणि तुमचा खरा धोका मला तिथे दिसतो.

'टॉप 10'मध्ये सहसा काय असतं? 1 एचपी मोटर, स्टीलची बॉडी, अमुक वॉरंटी. हे विक्रेत्याच्या पानावर आहेच. मग गुगलने तुमचं पान का दाखवावं? दोनच मशीन घ्या, पण मोजा. 1 किलो गहू दळायला किती मिनिटं, 16 अँपिअरच्या प्लग मीटरवर किती युनिट, पीठ डब्यात पडताच थर्मामीटरवर किती तापलेलं. डबा उघडताना पीठ कुठून उडतं त्याचा फोटो. जाळीचा नंबर सगळ्या कंपन्यांत एकच नसतो, म्हणून भोकाचा व्यास व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये लिहा. 'चकलीच्या भाजणीला कोणती जाळी' याचं नेमकं उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत शोधून बघा, म्हणजे तुमची जागा कुठे आहे ते कळेल. शेंगदाणा-तिळासारखं तेलकट धान्य घातलं की जाळीची भोकं कशी बुजतात, तेही दाखवा.

घरघंटी_ब्लॉग
म्हणजे भाषांतराचे लेख नोइंडेक्स (पान सर्चच्या यादीत घेऊ नका ही खूण) करून रोबोट्समध्येही (robots.txt, बॉटना पानावर येऊ न देणारी फाइल) ब्लॉक करू ना?

कन्सोल_काका
दोन्ही एकदम नको! रोबोट्समध्ये ब्लॉक केलंस तर गुगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) पानावर येणारच नाही, मग नोइंडेक्स वाचणार कोण? पान इंडेक्समध्ये तसंच लटकत राहतं. ज्यांना क्लिक नाहीत आणि बाहेरून लिंकही नाहीत ते लेख सरळ काढ, 404 दे (पान सापडत नाही) की 410 (पान कायमचं काढलं), फरक नगण्य. त्याच विषयाचा चांगला लेख असेल तरच 301 (त्या लेखाकडे कायमचं वळवणं). सगळे होमपेजवर वळवलेस तर गुगल ते सॉफ्ट 404 (म्हणजे पान नसल्यासारखंच) धरतं, पदरात काही पडत नाही.

लिंक_आणि_कमिशन
पैशाच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून. प्रत्येक अफिलिएट लिंकला 'स्पॉन्सर्ड' हा रेल (लिंकच्या कोडमधली rel ही खूण, लिंक पैशाची आहे हे गुगलला सांगणारी) असू द्या, 'नोफॉलो' असला तरी चालतो. किंमत लेखात हाताने टाइप करू नका. अ‍ॅमेझॉनच्या नियमात ते बसत नाही, आणि सेल लागला की आकडा खोटा ठरतो. कमिशन मिळतं हे लेखाच्या सुरुवातीलाच मराठीत लिहा, फूटरमध्ये दडवू नका.

दुसरं गणित कुकीचं (गिऱ्हाईक तुमच्या लिंकवरून आलं ही ब्राउझरमधली नोंद). क्लिकनंतर 24 तासांत वस्तू कार्टमध्ये पडली नाही तर ती विक्री तुमची नाही. पडली तर ऑर्डर द्यायला साधारण 89 दिवस मुदत. आता घरघंटी कोण एका दिवसात घेतं? घरात चर्चा होते, जवळच्या दुकानात जाऊन बघून येतात. म्हणून मोठ्या मशीनच्या लेखातच जाळ्या, फिल्टरची पिशवी, साफसफाईचा ब्रश अशा लगेच घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या लिंक द्या. एकाच दुकानाची लिंक न देता दोन-तीन विक्रेत्यांच्या द्या, रिव्ह्यूंसाठी गुगलचाही तोच सल्ला आहे.

मोजून_मापून
फक्त ब्रशच्या लिंका दहा ठिकाणी टोचू नका. जाळी कशी काढायची ते जिथे सांगताय, तिथे एकदाच.